आजोळचे डोंगर

टेलरकाकूंनी चोरी केली नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्या पेटीतून चित्र उचलायला कुणालाच बंदी नव्हती. उलट कुणीतरी उचलावं म्हणूनच तर ते तिथे ठेवलेलं असायचं.

पेटी गल्लीच्या वळणावर, नकाशे काढून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या कुंपणाच्या भिंतीवर होती. पावाच्या डब्यापेक्षा जरा मोठी, पुढे काचेचं दार, आत दोन फळ्या. दारावर गृहस्थांनी आपल्या घोटीव अक्षरात लिहिलं होतं, 'आवडलं तर न्या, जमलं तर ठेवा.' खाली आणखी बारीक अक्षरात, 'नाव लिहू नका.' सुरुवातीला गल्लीने त्यांना मनसोक्त हसून घेतलं. म्हातारपणी लोक कुत्रा पाळतात, यांनी डबा पाळला, असंही कुणीतरी म्हणालं. पण हळूहळू पेटीत तळहाताएवढी चित्रं दिसायला लागली, मातीची वाकड्या मानेची मांजरं दिसायला लागली, आणि हसणारेच जाता-येता काचेला नाक लावून आत डोकावायला लागले.

टेलरकाकूंना चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांचं काम बायकांचे कपडे शिवणं, उसवणं आणि सैल-घट्ट करणं. एका गिऱ्हाइकाचे कपडे पोचवून परत येताना त्यांना फळीवर एक चित्र दिसलं. पोस्टकार्डाएवढं, करड्या आणि मातकट रंगांचं. एक उंच चढण, मग लांब उतार, पुन्हा एक बुटकी चढण, आणि त्यातून गेलेला पांढरा पट्टा. का कोण जाणे, ते बघून त्यांना छातीत एकदम शांत वाटलं. इकडेतिकडे बघत त्यांनी ते ब्लाउजपीसांच्या पिशवीत सरकवलं आणि घरी येऊन शिलाई मशीनच्या वर भिंतीला चिकटवून टाकलं.

घोळ झाला तो त्यानंतर. शाळेच्या मुख्याध्यापिका मापाला आल्या होत्या. काकू गुडघ्यांवर बसून त्यांच्या घेराला टाचण्या लावत होत्या, आणि निम्म्या टाचण्या नेहमीप्रमाणे तोंडात होत्या. मुख्याध्यापिकांची नजर वर गेली. "अय्या, किती सुरेख! हे तुम्ही काढलंत?"

तोंडात टाचण्या असलेल्या माणसाला फक्त हुंकार देता येतो. काकूंनी तो दिला, म्हणजे 'थांबा, सांगते' एवढ्याच अर्थाने. पण मुख्याध्यापिका कसल्या थांबतात! हाताला काय वळण आहे, रंग किती जपून वापरलेत, एवढी वर्षं कुणाला बोलला नाहीत तुम्ही, असं त्या भरभरून बोलत सुटल्या. काकूंनी सावकाश एकेक टाचणी तोंडातून काढली आणि टाचण्यांच्या गादीला खोचली. तेवढ्या वेळात खरं सांगणं सहज जमलं असतं. पण शेवटची टाचणी काढून काकू म्हणाल्या, "असंच आपलं. वेळ मिळेल तेव्हा."

हे खोटं होतं आणि ते त्या शुद्धीवर असताना बोलल्या होत्या. टाचण्यांवर ढकलायची सोय नव्हती.

मुख्याध्यापिकांनी बातमी गल्लीभर केली आणि ती फिरून काकांपर्यंत, म्हणजे टेलरकाकूंच्या यजमानांपर्यंत पोचली. काका पाण्याचे मीटर तपासायचे. घरोघरी जायचं, आकडे टिपायचे आणि मोबदल्यात चार गप्पा ठोकून यायचं, हा त्यांचा दिवसाचा कार्यक्रम. त्या दिवशी ते घरी आले ते छाती पुढे काढूनच.

"अगं, घरात चित्रकार आहे आणि आम्हाला बाहेरच्यांनी सांगायचं होय?" ते मशीनसमोर उभं राहून चित्राकडे बघत म्हणाले. "कुठले गं हे डोंगर?"

काकूंना ते डोंगर आहेत हेसुद्धा तेव्हाच कळलं. "आजोळचे," त्या म्हणाल्या. एक खोटं सांभाळायला दुसरं लागतंच.

त्यानंतर काकांना आवरणं ब्रह्मदेवाच्या बापालाही शक्य नव्हतं. मीटर कुणाचाही असो, गप्पा चित्राच्या. 'आमची ही' अशी सुरुवात करून ते आजोळच्या डोंगरावर चढायचे ते पाण्याचा आकडा विसरूनच खाली उतरायचे. चित्र त्यांनी फ्रेमवाल्याकडे नेलं. फ्रेमवाल्याने वरची बाजू कुठली म्हणून विचारलं, तर 'डोंगर दिसत नाहीत का?' म्हणून त्याच्यावरच खेकसले. फ्रेम झालेलं चित्र बाहेरच्या खोलीत सोफ्यासमोर लागलं. काकू तोंडाने 'कशाला, कशाला' करत राहिल्या आणि काका खिळा ठोकत असताना स्टूल मात्र धरून उभ्या राहिल्या.

आत जळत होतं ते त्यांचं त्यांनाच माहीत. पेटीवरून जायला नको म्हणून त्या लांबच्या रस्त्याने बाजारात जायला लागल्या. 'आणखी एखादं काढा की' असं कुणी म्हटलं की त्यांचे डोळे दुखायला लागायचे. ज्याने हे काढलं तो एक दिवस दारात उभा राहील, या धास्तीने बेल वाजली की त्या आधी खिडकीतून बघून घ्यायच्या. खरं सांगायचं हे रोज ठरायचं आणि काका घरात आले की रोज राहून जायचं.

अशात लेकीचं लग्न ठरायची वेळ आली. लेक रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती आणि शेजारच्याच खोलीत एक्स-रे काढणाऱ्या मुलाशी तिचं जमलं होतं. मुलगा शांत, कामसू आणि काकांच्या विनोदांना न कंटाळता हसणारा, म्हणजे जावई म्हणून लाखात एक. घरही जवळच, पलीकडच्या रस्त्यावर. वडील मागच्या वर्षी गेलेले. आता त्याची आई घरी भेटायला येणार होती, पहिल्यांदाच.

"आई, त्यांना तुझं चित्र बघायचंय हं," लेक म्हणाली. "मी त्यांना कधीचं सांगितलंय. त्या तशा कुणाकडे जात-येत नाहीत. पण चित्राचं ऐकलं आणि लगेच हो म्हणाल्या."

काकूंच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं. पाहुणे यायच्या आधी त्यांनी स्टूल घेतलं आणि फ्रेमला हात घातला. तेवढ्यात काका दाढीचा फेस घेऊन बाहेर आले.

"अगं, अगं! काढतेस कशाला?"

"धूळ बसलीय."

"मग जागेवर पूस की! आज तर त्याचा खरा दिवस." काकांनी स्वतः ती काच शर्टाच्या बाहीने पुसली, वर फेसाचा एक ठिपका ठेवला आणि तोही पुसला.

मुलगा आणि त्याची आई वेळेवर आले. आई किरकोळ बांध्याच्या, हळू बोलणाऱ्या, खुर्चीच्या अगदी कडेवर बसणाऱ्या होत्या. चहा आला, बिस्किटं आली. काकांनी पहिल्या घोटालाच त्यांना विहीणबाई करून टाकलं आणि दुसऱ्या घोटाला चित्राकडे बोट केलं. "ते बघा, विहीणबाई. आमच्या हिचं."

त्या मागे वळल्या आणि वळलेल्याच राहिल्या. कप हातात, बशी हातात, आणि पिण्याचं नाव नाही. काका खुशीत बायकोकडे बघून डोळे मिचकावत होते.

"कुठले डोंगर आहेत?" बऱ्याच वेळाने त्या बाईंनी विचारलं.

"माझ्या आजोळचे," काकू म्हणाल्या. एव्हाना हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की आपोआप बाहेर पडायचं.

"आणि हा पांढरा पट्टा?"

"ती... नदी आहे."

"उन्हाळ्यात अशी बारीक होते ती," काकांनी भर घातली. त्यांनी ते आजोळ जन्मात पाहिलं नव्हतं.

"असं होय," त्या म्हणाल्या. आणि त्यांच्या हातातली बशी कलंडून चहा सगळा मांडीवर सांडला.

एकच धांदल उडाली. काकू त्यांना हाताला धरून आत स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, सिंकचा नळ सोडला, ओलं फडकं करून डाग टिपायला खाली वाकल्या. "भाजलं तर नाही ना? लगेच धुतलं की जाईल हा डाग, मी आत्ता..."

"ती नदी नाहीये," वरून हळू आवाज आला. "चुणी आहे. शालीची."

काकूंचा हात जागेवरच राहिला.

"शाल पाठीवर घेतली होती ह्यांनी. ती खांद्यावरून खाली सरळ पडते ना, तिची चुणी. आणि डोंगर नाहीत ते. पाठ आहे. खांदा, पाठीचा बाक आणि खाली कंबर. तुम्ही चित्र आडवं लावलंय."

नळ चालूच होता. काकूंना वाटलं, धरणीने दुभंगावं आणि आपल्याला फडक्यासकट पोटात घ्यावं. उभा जन्म कापडात गेला. चुणी कशी पडते हे अंधारात हात लावून सांगितलं असतं त्यांनी. फ्रेम होईपर्यंत त्याच चित्राखाली बसून त्यांनी ओढण्यांना चुण्या घातल्या होत्या आणि आज त्या चुणीला मात्र नदी म्हणून बसल्या होत्या, तीसुद्धा स्वतःच्या आजोळची.

"मी ते पेटीतून..." काकू वर न बघताच म्हणाल्या. "मला चित्र काढता येत नाही. कधीच आलं नाही. मला माफ करा. मी आत्ता बाहेर जाऊन सांगते सगळ्यांना."

"नका, नका!" त्या बाईंनी त्यांचं मनगट धरलं. "मी काढलंय हे माझ्या मुलाला माहीत नाही. त्याला कळायला नको." मग सिंकच्या कडेला टेकून त्या बोलायला लागल्या. बोलताना त्यांची नजर काकूंवर नव्हती, नळाच्या धारेवर होती. "शेवटी शेवटी ह्यांना आडवं होता यायचं नाही. आडवं झालं की श्वास कोंडायचा. पलंगाच्या कडेला वाकून बसायचे, रात्रंदिवस. मुलगा बिचारा औषधं आण, डॉक्टरला बोलाव, कामावर जा, नुसता पळत होता. आणि मी मागच्या खुर्चीवर बसून रंग कालवत होते. नवरा तिकडे श्वासाला मोताद झालाय आणि बायको चित्र काढतेय! सांगायला तरी तोंड आहे का मला? मुलगा खोलीत आला की पदराखाली लपवायचे. ते गेल्यावर ते चित्र घरात बघवेना आणि फाडवेही ना. म्हणून पेटीत टाकलं. म्हटलं, नेईल कुणीतरी."

काकू सरळ उभ्या राहिल्या. त्यांनी नळ बंद केला.

"बाहेर तुम्ही डोंगर म्हणालात ना," त्या बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांनी काकूंकडे पाहिलं, "आधी राग आला मला. मग वाटलं, चला, इथे येऊन तरी आडवे झाले. झोपू दे. डोंगरच असू द्या ते, मला चालेल."

ज्या लाजेने काकू इतके दिवस आत जळत होत्या, ती आता फारच साधी वाटायला लागली. आधी फक्त आपलं खोटं उघडं पडेल ही भीती होती. आता त्यांच्याकडे मागणं होतं की ते खोटं जन्मभर चालू ठेवा, आणि मागणारी ती होती जिचं सगळं त्यांनी आपलं म्हणून मिरवलं होतं. त्यांनी मान हलवली. दुसरं काय करणार?

दोघी बाहेर आल्या तर भिंतीवर नुसता खिळा होता. काका टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसले होते आणि समोर फ्रेम होती.

"या, या! आम्ही तुमच्या पाठीमागे निर्णय घेतलाय," काका म्हणाले. "हे चित्र तुमच्या घरी जाणार. आमच्याकडून पहिली भेट. नाही म्हणायचं नाही."

"हॉलमध्ये लावू, आई," मुलगा म्हणाला. "बाबांचा पलंग होता ती भिंत कधीची रिकामी आहे."

त्या बाईंचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. काकांचं तिकडे लक्ष कुठलं! त्यांनी फ्रेम पालथी केली, खिशातलं पेन काढलं, तेच मीटरचे आकडे टिपायचं, आणि टोपण उघडून बायकोपुढे धरलं. "चल, सही कर. मागे का होईना, पण नाव पाहिजे. उद्या मोठी झालीस तर?" लेक टाळ्या वाजवून हसली.

काकूंनी पेन हातात घेतलं. फ्रेमच्या पाठीचा पुठ्ठा कोरा होता. नाव लिहायला कितीसा वेळ लागतो? लिहिलं असतं तर दिलेला शब्दही पाळल्यासारखं झालं असतं आणि सगळे हसत घरी गेले असते. त्यांनी पेन पुठ्ठ्याला टेकवलंही. पण पुठ्ठ्याच्या पलीकडे श्वासासाठी वाकलेला एक माणूस बसलेला होता, आणि त्याच्या पाठीवर आपलं नाव घालायला हात धजेना.

"हे मी काढलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?" काका हसतच होते.

"मी काढलेलं नाही. गल्लीतल्या पेटीतून उचलून आणलं. मला साधं फूल काढता येत नाही. ते आजोळ, ती नदी, सगळं खोटं. मी सगळ्यांशी खोटं बोलले."

काकांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, कारण ते काढून कुठे ठेवायचं हे त्यांना सुचेना. लेकीचे कान लाल झाले. "आई!" एवढंच ती म्हणाली, पण कुणीतरी भर रस्त्यात तिला उघडं पाडावं अशा आवाजात.

"मग कुणाचं आहे?" मुलाने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

काकूंनी त्या बाईंकडे बघायचं कटाक्षाने टाळलं. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पेटीतल्या चित्रांवर नाव लिहायचं नसतं."

हे शेवटचं खोटं, आणि ते मात्र त्यांना बोलायचंच होतं. पण उपयोग झाला नाही. काहीतरी करायचं म्हणून मुलाने फ्रेम उचलली होती. तो दिवसभर लोकांच्या हाडांचे फोटो हाताळायचा, आणि फोटो हातात आला की वर-खाली फिरवून सरळ करायची त्याच्या बोटांना सवयच होती. बोलता बोलता त्याने फ्रेम तशीच फिरवली, उभी धरली, आणि तो बोलायचा थांबला.

डोंगर गेले. पलंगाच्या कडेला पाठमोरा बसलेला, मान खाली गेलेला एक माणूस तिथे होता आणि त्याच्या खांद्यावरून शालीची चुणी सरळ खाली आली होती. आता ते सगळ्यांनाच दिसलं. आधी कसं दिसलं नाही, हेच कळेना.

मुलाने आईकडे पाहिलं. आईने पदर तोंडाशी नेला होता, एखाद्या पोरीला चोरी करताना धरावं तशा त्या उभ्या होत्या. "मी तुझ्याशी..." त्या पुटपुटल्या. "मला तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं रे. त्यांच्यासाठी काहीच करता येत नव्हतं."

"मला वाटायचं," मुलगा म्हणाला, "तू मांडीत काहीतरी घेऊन मान खाली घालून बसायचीस. मला वाटायचं, तुला बाबांकडे बघायचासुद्धा कंटाळा आलाय. किती राग होता माझा तुझ्यावर. अजून होता. आत्ता येताना रस्त्यातसुद्धा होता."

त्याने फ्रेम छातीशी धरली आणि तो आईच्या समोर जाऊन उभा राहिला. तिला हात लावायचीही त्याला लाज वाटत असावी. शेवटी आईनेच त्याच्या दंडाला धरलं. "चल, घरी जाऊ," ती म्हणाली.

निरोपाचे शब्द कुणालाच नीट जमले नाहीत. दारात त्या बाई काकूंपाशी क्षणभर थांबल्या, त्यांच्या खांद्याला हात लावून पुढे गेल्या. लेक त्यांना सोडायला खाली गेली. जाताना आईकडे न बघता म्हणाली, "मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगत सुटले होते, आई." आणि दार ओढून घेतलं.

घरात दोघंच उरली. काका सोफ्यावर बसून रिकाम्या खिळ्याकडे बघत होते. काकू कप गोळा करायला लागल्या आणि आरडाओरड्याची वाट बघायला लागल्या. आवाज चढवायला काकांना एरवी कारण लागायचं नाही, आणि आज तर त्यांच्याजवळ गल्लीतल्या प्रत्येक दाराइतकी कारणं होती. उद्या त्याच दारांत त्यांना पुन्हा मीटर बघायला जायचं होतं.

पण काका हळूच म्हणाले, "मला तरी सांगायचंस."

"सांगणार होते. रोज सांगणार होते."

"मग?"

काकूंनी कपांवर कप ठेवले. "तुम्ही दारोदार माझं कौतुक करत फिरत होतात," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, नुसती माहिती दिल्यासारखं त्या बोलल्या. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. शिवणाचं कधी कुणाला सांगितलं नाहीत तुम्ही. मला वाटलं, अजून थोडे दिवस ऐकून घ्यावं."

अंगातल्या शर्टाचं वरचं बटण काकांनी उगाच लावलं आणि काढलं. तो शर्ट तिनेच शिवलेला होता, बाकीच्या सगळ्या शर्टांसारखा. मग ते उठले, तिच्या हातातले कप घेतले आणि सिंकपाशी जाऊन पाठमोरे विसळत उभे राहिले, कारण तिच्या तोंडाकडे बघायची त्यांची हिंमत होईना.